डिस्क मेली नाही, वीज पोचत नाही

पुण्याजवळच्या मांजरीत लाइट जाऊन आली आणि माझी २० मेगाबाइटची जुनी हार्ड डिस्क गप्प झाली. आजच्या फोनचे पाच-सहा फोटो मावतील एवढीच तिची जागा, पण तिच्यात काकांच्या उसाचा जमाखर्च आहे.

अशा वेळी डिस्क उघडू नये. तिला लागतात ५ आणि १२ व्होल्ट. ते देणारा एसएमपीएस आधी बघावा. मी ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. आत शॉर्ट असता तर तो पेटूनच राहिला असता. क्षणभर लकाकून विझला. फ्यूज शाबूत, मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट. (प्लग काढला तरी ते तिथे टिकतात, बोट घालू नका!) बाहेर मात्र शून्य.

दोषी निघाला कंट्रोल आयसीला सुरुवातीचा धक्का देणारा चिमुकला कपॅसिटर. उष्णतेने तो वर्षानुवर्षं वाळत जातो. चालू सप्लाय चालतच राहतो, एकदा बंद पडला की पुन्हा उठत नाही. लाइट जाणं हे फक्त निमित्त.

बुधवार पेठेत तो किरकोळ पैशात मिळतो. १०५ अंशांचाच घ्या. आणि डिस्क जोडण्याआधी ५ व्होल्टच्या तारेवर १० ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर भार म्हणून लावून दोन्ही व्होल्टेज मोजा.