कोण राहणार, कोण जाणार? ओकिनावा बेटाची दरवर्षीची चिंता

वाचकहो, लग्नघरात पाहुण्यांची यादी करायला बसले म्हणजे काय होते, ते आपण सारे जाणतो. कोणाला बोलवायचे, कोणाला वगळायचे, कोणावाचून अडेल आणि कोण आला नाही तरी चालेल, यावरून आवाज चढतात, जुने रुसवे वर येतात आणि चहाची दुसरी फेरी झाली तरी यादी पुरी होत नाही. जपानच्या दक्षिण टोकाला ओकिनावा नावाचा बेटांचा प्रांत आहे. तेथे दरवर्षी मे महिना सरत आला की अशीच एक यादी घरोघर वाचली जाते. फरक इतकाच की ती बास्केटबॉल खेळाडूंची असते.

तेथील संघाचे नाव आहे र्‍युक्यू गोल्डन किंग्ज. जपानच्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीला बी. लीग म्हणतात. तिचा मोसम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन मेमध्ये संपतो आणि खेळाडूंचे करार बहुधा जूनअखेरीपर्यंत असतात. ज्याचा करार संपत आला आहे व ज्याच्याशी दुसरे संघही बोलणी करू शकतात, अशा खेळाडूंची नावे साखळीतर्फे जाहीर होतात. या यादीत नाव आले म्हणजे तो गेलाच असे नाही; जुन्या संघाशी नवा करार करून तो राहूही शकतो. पण चाहत्यांचा जीव त्या यादीत अडकतो. आपला आवडता राहणार की जाणार? गेला तर त्याच्या जागी कोण?

ही चर्चा आपल्यासाठी निवडण्याचे कारण आहे. ओकिनावाची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख आणि क्षेत्रफळ सुमारे २,२८० चौरस किलोमीटर. आपल्या मॉरिशसचे आकडे पाहा: साडेबारा लाखांच्या आसपास माणसे आणि सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भूमी. त्यांच्याकडेही उसाची शेते, वादळे आणि चहूबाजूंनी समुद्र. टोकियो तेथून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. थोरल्या शहरांनी बोलावले की बेटावरची गुणी मुले विमानात बसतात, हे दुःख त्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते आणि अमेरिकन लष्करी तळ तेथे आजही आहेत. बास्केटबॉलचे वेड बेटावर वाढले त्यात या सहवासाचाही वाटा मानतात. १९७८ साली हेंतोना या उत्तर ओकिनावातील शाळेचा ठेंगण्या मुलांचा संघ अखिल जपान शालेय स्पर्धेत तिसरा आला. उंची नव्हती, तेव्हा त्या मुलांनी धावून धावून उंच संघांना दमवले. ती गोष्ट ओकिनावात अजून सांगतात.

किंग्जची स्थापना २००६ ची. २००७-०८ मध्ये ते त्या वेळच्या बी. जे. लीगमध्ये उतरले. पहिल्या मोसमात संघ तळाशी राहिला आणि दुसऱ्याच मोसमात अजिंक्य ठरला! पुढे आणखी तीन विजेतेपदे मिळाली. तेव्हा जपानात दोन साखळ्या एकमेकींकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. त्या भांडणामुळे जागतिक बास्केटबॉल संघटनेने २०१४ च्या नोव्हेंबरात जपानला निलंबित केले. मग साबुरो कावाबुची यांच्या पुढाकाराने दोन्ही साखळ्या एकत्र आल्या आणि २०१६ च्या सप्टेंबरात टोकियोत बी. लीगचा पहिला सामना झाला. त्यात अल्व्हार्क टोकियो या बड्या संघासमोर हे बेटावरचे किंग्ज उभे होते.

आता मुख्य विषयाकडे वळू. चाहते भांडतात ते कशावरून, हे समजण्यासाठी २०२५ चा उन्हाळा घेऊ. किंग्ज २०२२ पासून सलग चार वर्षे अंतिम फेरीत पोहोचले होते. २०२२ मध्ये उत्सुनोमिया ब्रेक्सकडून हार. २०२३ मध्ये विजय, आणि तोही चिबा जेट्सवर, ज्यांनी त्या मोसमात साखळीचे ६० पैकी ५३ सामने जिंकले होते. २०२४ मध्ये हिरोशिमा ड्रॅगनफ्लाइजकडून हार. २०२५ मध्ये पुन्हा उत्सुनोमियाशी गाठ पडली, दोघांनी एकेक सामना जिंकला आणि तिसरा निर्णायक सामना ७३-७१ असा अवघ्या दोन गुणांनी हातून गेला. त्या मालिकेत बेटाचा स्वतःचा मुलगा, नागो गावचा र्‍युइची किशिमोतो, दुखापतीमुळे मैदानात नव्हता.

घरात तोंडचा घास गेला की जशी चर्चा होते, तशीच मग सुरू झाली. आमचा एक भाचा कामानिमित्त नाहा शहरात राहतो. तो फोनवर म्हणाला, “मामा, इथे केस कापायला गेलो तरी न्हावी आधी विचारतो, यंदा कोणाला घ्यावं?” त्याच्याकडून कानी आले त्यावरून चाहत्यांचे ढोबळ मानाने चार पक्ष दिसतात.

पहिला पक्ष म्हणतो, आधी पॉइंट गार्ड आणा. हा चेंडू घेऊन पुढे येणारा, खेळाची सूत्रे हलवणारा खेळाडू. किशिमोतो २०१२ पासून संघात आहे, पण २०२५ मध्ये तो पस्तिशीत पोहोचला होता. एका माणसाच्या पायावर साऱ्या बेटाचा भार किती दिवस टाकणार? त्याच्यामागे तयार, तरुण माणूस हवा.

दुसरा पक्ष लांबून अचूक टोपली करणारा खेळाडू मागतो. २०२३ च्या विजेत्या संघातील केइता इमामुरा २०२४ मध्ये नागोया डायमंड डॉल्फिन्सकडे गेला. त्याची जागा भरली नाही, म्हणून प्रतिस्पर्धी आपल्या उंच खेळाडूंभोवती निर्धास्तपणे गर्दी करतात, असे यांचे म्हणणे.

तिसऱ्या पक्षाची नजर उंच खेळाडूंवर आहे. २०६ सेंटीमीटरचा अमेरिकन जॅक कूली २०१९ पासून किंग्जचा खांब आहे. टोपलीला लागून परत येणारा चेंडू हिसकावण्यात त्याचा हातखंडा. जोडीला अॅलेक्स कर्क, ज्याने पुढे जपानी नागरिकत्व घेतले. दोघेही १९९१ चे. खांब भक्कम आहेत, पण वाळवी लागण्याआधीच नवे लाकूड पाहून ठेवावे, असे हा पक्ष म्हणतो.

येथे एक नियम सांगायला हवा, कारण त्यावाचून ही बेरीज-वजाबाकी कळणार नाही. २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघ तीन परदेशी खेळाडू नोंदवू शके, पण मैदानात एका वेळी दोनच. त्यांच्याखेरीज नागरिकत्व घेतलेला एक खेळाडू किंवा ठरावीक आशियाई देशांतला एक खेळाडू उतरवता येई. आशियाई खेळाडूंची ही सोय २०२० पासूनची. त्यामुळे नागरिकत्व घेतलेला उंच खेळाडू ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड. कर्कला धरून ठेवा असे चाहते कळवळून का म्हणत, ते यावरून ध्यानात येईल.

चौथा पक्ष भावनेचा. तो म्हणतो, बाहेरचे पुष्कळ झाले, आपल्या मातीतले खेळाडू परत आणा. यांना नारितो नामिझातो आठवतो. ओकिनावा शहरातच जन्मलेला, चेंडूवर जादू करणारा हा खेळाडू २०२२ मध्ये गुन्मा क्रेन थंडर्सकडे गेला. तेव्हा बेटावर हळहळ झाली. आपलाच मुलगा आपल्याविरुद्ध खेळणार, हे पाहवेना. पण गंमत पाहा, पुढच्याच वर्षी त्याच्यावाचून किंग्जने बी. लीगचे पहिले विजेतेपद मिळवले.

मग खरे कोणाचे? आमच्या मते, चौघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि हीच संघ चालवणाऱ्याची अडचण असते. हातातले पैसे एकदाच खर्च होतात. त्यात २०२६-२७ च्या मोसमापासून जपानात नवी रचना ठरली. वरच्या गटाला बी. प्रीमियर म्हणायचे आणि तेथे खेळाडूंच्या पगाराला वरची मर्यादा ८० कोटी येन, खालची ५० कोटी येन. एका बड्या खेळाडूपुरती सवलत अशी की त्याला कितीही दिले तरी हिशेबात १५ कोटीच धरायचे. शिवाय नवोदितांना थेट पैशाच्या जोरावर न उचलता संघांनी क्रमाने निवडायचे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जपान्यांनी जणू कायद्यातच लिहून टाकली! छोट्या बेटाला यात दिलासा आहे, कारण श्रीमंत शहराला सगळेच उचलता येणार नाहीत. पण त्या एका सवलतीच्या खिडकीतून पैसेवाला संघ एक मोठा तारा घेऊ शकतो, हेही खरे. २०२४ मध्ये युता वातानाबे अमेरिकेच्या एन. बी. ए. मध्ये सहा मोसम खेळून मायदेशी परतला तो चिबा जेट्सकडे. असा तारा घ्यायचा, की तेवढ्या पैशात तीन मेहनती खेळाडू? हा वाद पुढेही रंगत राहील.

आम्हाला विचाराल, तर किंग्जचा गेल्या काही वर्षांचा हिशेब एकच गोष्ट सांगतो. घराचे आढे त्यांनी हलू दिले नाही. प्रशिक्षक दाइ ओकेतानी यांनी आधी २००९ व २०१२ ची विजेतेपदे मिळवून दिली होती. ते २०२१ मध्ये परत आले. किशिमोतो आणि कूली राहिले. बाकीचे आले, गेले. फिलिपाइन्सचा तरुण कार्ल तमायो २०२३ च्या जानेवारीत आला, त्या वर्षीच्या विजेत्या संघात राहिला आणि २०२४ मध्ये कोरियातील चांगवोनच्या एल. जी. सेकर्स संघात गेला. दरवर्षी चार माणसे बदलली तरी घर तेच वाटत राहिले. चार अंतिम सामन्यांत एकच विजेतेपद, हा आक्षेप आम्ही नाकारत नाही. पण सगळे मोडून नवे बांधू म्हणणाऱ्याने हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्यातला धोकाही पाहावा. थोरले खांब राहू द्यावेत आणि त्यांच्या सावलीत एक तरुण पॉइंट गार्ड तयार करावा, असे आमचे मत. खांब थकल्यावर नवा शोधू लागलो, तर तोवर छप्पर खाली आलेले असते.

राहता राहिला चौथ्या पक्षाचा प्रश्न: आपला कोण? २०२१ मध्ये उघडलेल्या ओकिनावा अरीनात सुमारे ८,००० माणसे बसतात. तोंडात बोटे घालून शिट्ट्या मारण्याची बेटाची जुनी रीत तेथे सामन्यात चालते. त्या शिट्ट्या नागोच्या किशिमोतोला मिळतात तशाच अमेरिकेच्या कूलीलाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच अरीनात विश्वचषकाच्या सामन्यात जपानने फिनलंडला ९८-८८ असे हरवले, तेव्हा २८ गुण आणि १९ रिबाउंड मिळवणारा जॉश हॉकिन्सन हा त्याच वर्षी जपानी नागरिक झालेला मूळचा अमेरिकन होता. त्या रात्री त्याचे गाव कोणते, हे कोणी विचारले नाही.

आपल्या बेटाला हा धडा महागात मिळाला आहे. आपल्याकडे फुटबॉलचे संघ एके काळी जातीधर्माच्या नावाने चालत. १९८० च्या दशकात नावे बदलली, पण मने तेवढी बदलली नाहीत. १९९९ च्या मे महिन्यात एका सामन्यानंतर पोर्ट लुईमध्ये जाळपोळ झाली आणि सात जणांचा जीव गेला. त्यानंतरच संघ गावांच्या व विभागांच्या नावाने उभे राहिले. संघ कोणाचा, हा प्रश्न चहाबरोबर चघळायचा राहिला तर बरा. तो रस्त्यावर आला की घरे जळतात.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपले पणजोबा, खापरपणजोबा रत्नागिरीकडून जहाजाने आले, तेही करारावरच. तो करार पाच वर्षांचा असे. मुदत संपली की जायचे की राहायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आला. काही परतले. जे राहिले, त्यांची आपण लेकरे. ही तुलना फार ताणू नये. ऊसमळ्यातल्या मजुराची आणि लाखो येन कमावणाऱ्या खेळाडूची बरोबरी होत नाही. पण करार संपल्यावरही जो मनाने राहतो, तो हळूहळू त्या मातीचा होतो, एवढे आपल्या घरांचा इतिहास सांगतो.

भाच्याला आम्ही सांगितले, “पुढच्या खेपेला न्हाव्याने विचारले तर म्हणावे, जो जाईल त्याला हसतमुखाने निरोप द्या आणि जो राहील त्याच्यासाठी शिट्टी मारा.” तो म्हणाला, “मामा, ते ठीक आहे, पण पॉइंट गार्डचे काय?”

यादी काही पुरी होत नाही हेच खरे.