इंग्लंडातले पेव

पेव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या वाड्यातले ज्वारीचे पेव येते. इंग्लंडात जाऊन पेवाच्या गोष्टी ऐकायला मिळतील, असे मला वाटले नव्हते.

लंडनच्या नैर्ऋत्येला हॅम्पशायरमध्ये चाल्टन गावाजवळ ‘बट्सर एन्शंट फार्म’ नावाचे शेत आहे. इ. स. ४३ मध्ये रोमन लोकांनी ब्रिटनवर स्वारी केली. त्यापूर्वी तिथले केल्टिक लोक शेती कशी करीत, हे प्रत्यक्ष करून पाहावे म्हणून पीटर रेनॉल्ड्स या संशोधकाने १९७२ साली हे काम हाती घेतले. १९९१ मध्ये शेत आजच्या जागी आले.

घरे गोल, वर गवताची शाकारणी. काठ्यांचा कूड विणून त्यावर माती, शेण, पेंढा यांचे लिंपण. कारवीचे कूड पाहिलेल्या कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही. मध्ये विस्तव, पण धुराडे नाही. छपराला भोक ठेवले तर वारा ओढून ठिणग्या वर गवतात जातात. म्हणून धूर गवतातूनच हळूहळू झिरपू द्यायचा. दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरू लागले. दिवसभर आत रांधणाऱ्या बायकांचे काय होत असेल, ते कोणी सांगितले नाही.

खरा आनंद झाला तो गव्हापाशी. तिकडे ज्याला एमर म्हणतात तो म्हणजे आपला खपली! ओंबी हातात घेताच ओळख पटली. मळून टरफल सुटत नाही, कांडावेच लागते. खताशिवायही रेनॉल्ड्स यांना विद्वानांच्या अंदाजापेक्षा चांगले पीक मिळाले.

आता पेवाकडे वळू. चुनखडीच्या जमिनीत खड्डा खणून त्यांनी त्यात धान्य भरले आणि तोंड चिकणमातीने लिंपले. त्या पावसाळी मुलुखात धान्य कुजेल असेच कोणालाही वाटावे. झाले उलटे. कडेच्या ओलसर दाण्यांना मोड येतात, ते आतला प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू सोडतात. मग बाकीचे धान्य जणू झोपी जाते. हिवाळा संपल्यावर पेव उघडले तेव्हा कडेचा थोडा थर सोडून बाकी धान्य चांगले होते, बियाण्यालाही चालणारे.

पण हाच वायू जीव घेतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावी पेव उघडल्याबरोबर एक तरुण आत उतरला. हाक मारली तर उत्तर नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही वर आला नाही. दोघेही गेले. अजून कोणाकडे पेव असेल तर तोंड उघडून दिवसभर तरी वारा लागू द्या. कंदील दोराने खाली सोडा. विझला तर उतरू नका. पेटता राहिला तरी कमरेला दोर बांधूनच उतरा, आणि तो धरायला वर दोन माणसे असू द्या. आतला माणूस पडला तर मागोमाग उडी घेऊ नका, दोर ओढा.