पाण्याचं माप

कॉकटेल शिकवणाऱ्या वर्गात सुरुवातीला दारूच नसते. पुण्यात मी ज्या वर्गाला जात होते तिथे रम, जिन, व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांत नळाचं पाणी भरलेलं असे. तोंडाला स्टीलची नळी बसवलेली, आणि मुलं ओळीने उभी राहून पाणी ओतत. मनात चार आकडे मोजायचे, बाटली झटक्यात सरळ करायची आणि ग्लासातलं पाणी मापात उलटून बघायचं. ३० मिली भरायला हवं, म्हणजे एक स्मॉल. कुणाचं २५ भरे, कुणाचं ३८. सर बोलत काहीच नसत, माप पुढे सरकवत. सातारा-नाशिककडून आलेली, हॉटेल मॅनेजमेंट झालेली मुलं, बँकेतली नोकरी सोडलेली एक मुलगी आणि केवळ घरच्यापुरतं शिकायला आलेले माझ्यासारखे काही जण, असा आमचा घोळका.

आपलं स्वयंपाकघर अंदाजावर चालतं आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. इथे तो दाराबाहेर ठेवावा लागतो. आमटीत चिंच जास्त पडली तर गूळ घालून सावरता येतं. १०० मिलीच्या पेयात लिंबाचा रस पाच मिली चढला की साखर, दारू सगळंच मागे पडतं. जुन्या दवाखान्यातला कंपाउंडर बाटलीला कागदी खुणा चिकटवून मिक्श्चर द्यायचा ना, बारमागचा माणूस मला त्याचाच भाऊबंद वाटला.

सरांची कसोटी एकच: डाइकिरी. क्यूबातल्या सँटियागोजवळच्या खाणीच्या गावाचं नाव मिरवणारं हे पेय. पांढरी रम ६० मिली, ताज्या लिंबाचा रस २०, साखरेचा पाक २०. लपायला जागा नाही. शेकरमध्ये आधी लिंबू, मग पाक, मग रम आणि सगळ्यात शेवटी बर्फ. हा क्रम पैशाचा आहे: मोजताना हात चुकला तर दहा रुपयांचं लिंबू फेकावं लागावं, महागाची रम नाही. बर्फ शेवटी, कारण तो पडला की घड्याळ सुरू होतं.

आणि खरा धडा बर्फाचाच. शेकर हलवतो ते पेय गार करायला, असं आपण समजतो. पण बर्फ वितळल्याशिवाय गारवा मिळत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, ती त्या पेयातूनच. म्हणजे जेवढं गार, तेवढं पाणी आत गेलंच. सरांनी आम्हाला शेक केलेली डाइकिरी गाळून मापाच्या नळकांड्यात ओतायला लावली. आत घातलं होतं १००, बाहेर आलं १२५ ते १३०. हे २५-३० मिली पाणी कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं, आणि तेच नसेल तर डाइकिरी घशाला ओरबाडते. आपल्याकडच्या रम-जिनच्या बहुतेक बाटल्यांवर अल्कोहोल ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. शेकरमधून उतरताना पेय विसाच्या आसपास येतं. तिथे लिंबू-साखर बोलू लागतात.

दहा-बारा सेकंद जोरात हलवलं की स्टीलवर बाहेरून पांढरं दव धरतं, आतला खडखडाट बारीक होतो. जुने हात या आवाजावरच थांबतात. आतली हवा थंड होऊन आकसते, त्यामुळे शेकरचे दोन्ही डबे एकमेकांना घट्ट धरतात. नवखे ते ओढत बसतात, जाणता सांध्याच्या कडेला तळहाताने एक ठोका देतो. बादलीत तासभर पडलेला, पाणी सुटलेला बर्फ मात्र आधी निथळून घ्यायचा. त्या पाण्याने पेय पातळ होतं, गार फारसं होत नाही.

लिंबू नसलेली पेयं सहसा हलवायची नसतात, ढवळायची. नेग्रोनीत जिन, कंपारी आणि गोड व्हर्मूथ ३०-३० मिली. लांब दांड्याचा चमचा काचेला पाठ लावून गोल फिरतो, आवाज न करता. हलवलं तर हवेचे बुडबुडे शिरून ते गढूळ होतं. एप्रिलमध्ये एकाने गोव्याहून उर्राक आणला. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची ही पहिली धार, फेणीहून बरीच सौम्य. ती शेकरमध्ये घालायला सरांनी साफ नकार दिला: आधीच हलकी, तिच्यात पाणी कशाला? ग्लासात बर्फ, लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची, वर लिम्का. गोव्यात पितात तसंच. माझ्या मते त्या महिन्यातलं सर्वांत चांगलं पेय तेच होतं.

बाटल्या हवेत उडवणं मला शेवटपर्यंत आवडलं नाही. पाहुणा टाळ्या वाजवतो आणि बर्फ तोवर वितळत असतो. त्यापेक्षा, बनवलेल्या पेयात स्ट्रॉ बुडवून वरचं टोक बोटाने बंद करायचं आणि तेवढे थेंब जिभेवर सोडून प्रत्येक ग्लास चाखायचा, ही सवय मोलाची. दिवसाचं निम्मं काम तर लिंबं पिळणं, ग्लास पुसणं, पुदिना निवडणं हेच. लिंबाचा रस त्याच दिवशी पिळलेला हवा.

बँक सोडून आमच्या वर्गात आलेल्या त्या मुलीला घरून विरोध होता. तिच्या आधीच्या पिढीला तर कायद्याचाही होता: १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम दिल्लीत बायकांना मद्यविक्रीच्या ठिकाणी नोकरी करू देत नव्हतं, ते रद्द ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कायम केला. मुंबईत शतभी बसू यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून बार सांभाळला आणि पुढे बारटेंडर घडवणारी संस्थाही काढली.

घरी करून बघणार असाल तर शेकरची घाई नको. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली आणि चहाची गाळणी चालते. ३० आणि ६० मिलीचं माप मात्र घ्याच, आणि बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट आणा. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि बिअर-वाइन सोडून बाकी मद्यासाठी वय २५ पूर्ण असावं लागतं, हे पाहुण्यांची यादी करतानाच आठवा. प्रत्येक ग्लासाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा होतो, तेव्हा लोकांच्या परतीच्या रिक्षा आधी ठरवा आणि मगच लिंबं पिळायला घ्या.