जपानी भाषा: आधी कामाचं बोलणं



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. लेक किंवा सून नर्सिंग शिकलेली असते. जपानमध्ये वृद्धांची काळजी घेण्याचं काम मिळतं, असं कानावर आलेलं असतं. मग बाई विचारते, "ताई, एवढ्या वयात ती भाषा येईल का हो?" आज आपण त्याबद्दलच बोलू.

बातमी खरी आहे. जपानमध्ये म्हातारी माणसं वाढली आणि कामाला हात कमी पडू लागले. म्हणून तिथल्या सरकारनं एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी करारही झाला. पण त्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागते. रोजच्या व्यवहारातल्या जपानीची एक परीक्षा २५० गुणांची आहे, त्यात २०० मिळवावे लागतात. काळजी घेण्याच्या कामासाठी त्या कामातल्या जपानीची वेगळी परीक्षा असते.

आता भाषा कशी शिकायची? जपानीत दोन अक्षरमाला आहेत आणि वर हजारो चित्रलिपीची अक्षरं. तीच गिरवत बसलं, तर तोंड उघडायला फार उशीर होतो. मोठ्या माणसाला भाषा हवी असते ती काम भागवायला. म्हणून जपान फाउंडेशन या संस्थेनं 'इरोदोरी' नावाची पुस्तकं काढली. तीन पुस्तकं, प्रत्येकात १८ धडे. ओळख, जेवण, दुकान, कामाची जागा, तब्येत असे विषय. धडा झाला की आपणच तपासायचं, 'हे मला करता येतं का?' ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात.

मराठी बाईला एक गोष्ट सोपी जाते. जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु', म्हणजे 'मी पाणी पिते'. आपण मुंबईला, मुंबईहून म्हणतो, तसे 'नि' आणि 'कारा' हे शब्द तिथंही नावाच्या मागे लागतात.

दुखण्याचे शब्द तर आपल्या घरातलेच वाटतात. 'दोको गा इताई देसु का?' म्हणजे 'कुठं दुखतंय?' आजीबाई 'झुकीझुकी' म्हणाल्या तर ठसठसतंय, 'हिरिहिरी' म्हणाल्या तर चुरचुरतंय, 'चिकुचिकु' म्हणाल्या तर टोचतंय. वृद्धांची सेवा करणारीला व्याकरणाच्या कोष्टकाआधी हे शब्द कळायला हवेत.

न कळण्याची किंमत किती मोठी असते, ते जपाननं पाहिलं आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे भागात मोठा भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तिथल्या परदेशी लोकांच्या कानावर सूचना पडत होत्या, पण अनेकांना त्या उमगत नव्हत्या. 'हिनान' म्हणजे सुरक्षित जागी जाणं, पण हा शब्द पुस्तकी. त्यानंतर तिथल्या अभ्यासकांनी 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, पुढं आणली. 'हिनान करा' याऐवजी सरळ 'निगेते कुदासाई', पळा!

पण समोरचा दरवेळी सोपं बोलेलच असं नाही. म्हणून शिकणारीनं पहिल्या आठवड्यातच तीन वाक्यं पाठ करावीत. 'वाकारिमासेन', मला कळलं नाही. 'मो इचिदो ओनेगाइशिमासु', पुन्हा एकदा सांगा. 'युक्कुरी इत्ते कुदासाई', हळू बोला. बँकेत, दवाखान्यात आपणही न कळता मान हलवून येतो. तिथं न कळता 'हाई', म्हणजे 'हो', म्हटलं, तर एखाद्याला चुकीचं औषध जाऊ शकतं.

तेव्हा मैत्रिणींनो, क्लासची फी भरण्याआधी गटानं मिळून तीन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या दिवसापासून बोलायला लावतात का? रोज जपानी ऐकवतात का? महिन्याभरानं मुलीला कोणकोणती कामं जपानीत करता येतील? फुकट पुस्तकाचे कोणी पैसे मागत असेल, तर तेही विचारा. आणि मुलीला घरातून एवढं सांगून पाठवा, की कळलं नाही म्हणायला लाजू नकोस.