भांडेवाडीचे केंद्र आणि आपल्या दारातले गटार

नागपूर महानगरपालिका आणि महानिर्मिती ही सरकारी वीज कंपनी यांच्या करारातून भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता दिवसाला 13 कोटी लिटर. शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते. काम चांगलेच आहे.

पण केंद्रापर्यंत मैला पोचवणारी लाइन आपल्या गल्लीत आहे का? वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही आधी नळाचा पाइप कुठून येतो ते पाहतो. गटार मुख्य लाइनला जोडलेले नसले की मैला नालीत साचतो. पाइप त्याच नालीतून गेलेला आणि फुटका असला, तर नळ बंद झाल्यावर घाण आत ओढली जाते. कावीळ, टायफॉइड, कॉलरा इथूनच घरात शिरतात.

म्हणून पाणी उकळूनच प्या. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. गटारजोडणीसाठी सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज झोन कार्यालयात द्या, पोच घ्या.

आणि चेंबर तुंबले तर पैसे देऊन कुणाला आत उतरवू नका. विषारी वायू क्षणात शुद्ध हरपवतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही. मशीनच मागा. आत उतरणारा बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो.