खोट्या विमानातलं खरं वळण

कंट्रोलरवरची डावी काडी डावीकडे ढकलली की विमान डावीकडे वळतं. त्यात काय एवढं, असं वाटलं ना? मग 'एस कॉम्बॅट ७' हा लढाऊ विमानांचा गेम ज्यांच्या घरी आहे त्यांनी एक करून बघा. सेटिंगमध्ये जा, कंट्रोल 'स्टँडर्ड'वरून 'एक्स्पर्ट'वर आणा आणि तीच काडी पुन्हा डावीकडे ढकला. विमान वळणारच नाही! नुसतं कुशीवर होईल आणि तसंच कुशीवर सुसाट पुढे जाईल. काडी धरून ठेवलीत तर समुद्र वर, आभाळ खाली आणि तुमची मान वाकडी.

गेम बिघडला का? छे! उलट आत्ता कुठे ते विमान खऱ्या विमानासारखं वागायला लागलंय.

रस्त्यावर गाडी वळते, कारण तिची चाकं रस्ता धरून असतात. हवेत धरायला आहे काय? विमानाची सगळी भिस्त पंखांवर. वेगाने जाताना हवा पंखांना वर उचलते. विमान सपाट असलं की हा जोर सरळ आभाळाकडे लागतो आणि विमान खाली पडत नाही. विमान डावीकडे कललं की तो जोरही डावीकडे कलतो. मग वैमानिक काडी स्वतःकडे ओढतो. शेपटीची झडप वर होते, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक उचललं जातं. पण विमान तर कुशीवर आहे, त्यामुळे त्याचं 'वर' म्हणजे आपलं डावीकडे! वळलं की नाही? आधी कलायचं, मग ओढायचं. 'स्टँडर्ड'मध्ये ही दोन्ही कामं गेम गुपचूप स्वतःच उरकतो आणि शाबासकी मात्र आपण घेतो.

पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना हे खिडकीतूनही दिसेल. तिथल्या हवाई दलाच्या तळावरून सुखोई-३० एमकेआय विमानं उडतात. वळणापूर्वी विमान कसं कलतं ते नीट पाहा. भारतीय हवाई दलाची यातली बरीचशी विमानं नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बांधली गेली. याच विमानावरून रशियाने स्वतःसाठी सुखोई-३० एसएम बेतलं आणि ते या गेममध्ये उडवायला मिळतं. म्हणजे ओझरच्या विमानाचं सख्खं भावंडच म्हणायचं.

पण गेमने ही लपवाछपवी करायचीच कशाला? कारण या खेळांचं मूळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आहे. जपानच्या सेगा कंपनीने १९८७ साली 'आफ्टर बर्नर' नावाचं यंत्र आणलं. त्याच्या मोठ्या मॉडेलमध्ये बसायला चक्क खुर्ची होती आणि काडी हलवली की खुर्चीही कलायची! नाणं टाकलं की गंमत लगेच सुरू व्हायला हवी. विमान कसं उडवायचं हे शिकायला वेळ कुणाला? नामकोने १९९५ मध्ये याच मालिकेतला 'एअर कॉम्बॅट' घरच्या प्लेस्टेशनवर आणला, तेव्हा हा स्वभावही सोबत आला. खरं वाटेल तेवढंच खरं ठेवायचं, कंटाळा येईल ते गाळायचं.

काय काय गाळलं? क्षेपणास्त्रांचंच बघा. खऱ्या सुखोईला शस्त्रं टांगायच्या जागा १२. गेममधल्या विमानात क्षेपणास्त्रं डझनांनी असतात. एक सोडलं की काही सेकंदांत त्याच पंखाखाली दुसरं हजर! कुठून येतं ते विचारायचं नाही.

गाळलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र पडद्यावर दिसतच नाही. ती म्हणजे वैमानिकाचं शरीर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने, झेपेल तितकं जोरात वळायचं ठरवलं, तरी विमानाला सुमारे दीड किलोमीटर रुंदीचं वर्तुळ लागतं. त्या वळणात वैमानिकाला आपलं वजन ९ पट झाल्यासारखं वाटतं. तुमचं वजन ३० किलो असेल तर तुम्ही २७० किलोंचे व्हाल! हात उचलायचा म्हटला तरी उचलवणार नाही. रक्तही जड होतं आणि डोक्याकडून पायांकडे उतरू लागतं. आधी रंग फिकट होतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग सगळा काळोख आणि वैमानिक बेशुद्धही पडू शकतो. म्हणून लढाऊ वैमानिक एक खास सूट घालतात. जोराचं वळण आलं की तो सूट हवेने फुगतो आणि पाय-पोट आवळून धरतो, म्हणजे रक्त खाली पळत नाही. आपण मात्र सोफ्यावर मांडी घालून तशी दहा वळणं लागोपाठ घेतो आणि वर चिवडाही खातो.

तरी गेम सगळंच खोटं सांगत नाही हं. प्लेस्टेशनवर वेग वाढवायचं आणि कमी करायचं, अशी दोन्ही बटणं एकदम दाबून काडी ओढली तर विमान झटकन आखूड वळण घेतं. पण त्याचा वेग धपकन उतरतो. हे अगदी खरं! जोरात वळलं की हवेचा अडथळा वाढतो आणि तो वेग खातो. वेग फारच उतरला तर पंखांना पुरेसा आधार मिळत नाही आणि नाक खाली झुकतं. याला म्हणतात स्टॉल.

माझं मत विचाराल तर या गेममधली सर्वांत झकास गोष्ट विमानं नाहीतच. ढग आहेत! २०१९ साली आलेल्या या सातव्या भागात ढग म्हणजे मागे चिकटवलेलं चित्र नाही. त्यांच्या आत शिरता येतं. मागे क्षेपणास्त्र लागलं तर ढगात घुसा, त्याला तुमचा माग काढणं अवघड जातं. फार वेळ लपून मात्र बसू नका. काचेवर थेंब जमतात, मग बर्फ धरतो आणि विमान जड जड वागायला लागतं. खऱ्या वैमानिकांनाही या बर्फाची धास्ती असते. उंचावरच्या ढगांत पाणी शून्याच्या खाली गार होऊनही थेंबांच्याच रूपात तरंगत असतं. विमान धडकलं रे धडकलं की ते जागीच गोठतं. पंखांचा आकार बदलतो आणि पंखांना वर उचलणारा तो जोरच घटतो. म्हणून बऱ्याच प्रवासी विमानांत इंजिनातली गरम हवा नळीतून पंखांच्या पुढच्या कडेला खेळवतात. गेममध्ये अशी सोय नाही. तिथे एकच उपाय: ढगातून बाहेर पडायचं, मग बाहेर शत्रू टपून बसलेला का असेना!