लीला राव यांचा दुसरा सेट

विम्बल्डनच्या दप्तरात १९३४ सालच्या महिला एकेरीच्या पहिल्या फेरीतील एका सामन्याची नोंद आहे: लीला राव विजयी विरुद्ध ग्लॅडिस साउथवेल, ४-६, १०-८, ६-२. विम्बल्डनवर एकेरीचा सामना जिंकणारी पहिली हिंदी स्त्री, एवढ्या एका वाक्यात आपण ही नोंद निकालात काढतो. परंतु आकडे सावकाश वाचणाऱ्यास त्यांतून पुष्कळ अधिक गवसते. सामन्यातील ३६ गेमांपैकी बरोबर निम्मे एकट्या दुसऱ्या सेटने खाल्ले. टायब्रेकची सोय तेथे आली १९७१ साली. तोवर दोन गेमांची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ५-५, ६-६, ७-७, ८-८ या चारही बरोबऱ्या ओलांडल्याखेरीज १०-८ हा निकाल लागूच शकत नाही. पहिला सेट आधीच हातचा गेलेला असल्याने त्यांतील प्रत्येक बरोबरीपाशी लीलाबाईंचा मुक्काम हलण्याचीच वेळ आलेली होती. तिसरा सेट ६-२ असा झटपट उरकला, यावरून दम कोणाचा टिकला हे उघड आहे. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इदा अदामॉफने त्यांना हरविले. त्या वर्षीचे अजिंक्यपद डोरोथी राउंडकडे गेले.

बावीस वर्षांच्या या मुलीच्या अंगी ही चिकाटी आली कोठून, याचा शोध मैदानापेक्षा घरात घेणे मला अधिक फलदायी वाटते. आई पंडिता क्षमाबाई राव ही वेदवाङ्मयाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या. वडील १८९४ साली निवर्तले तेव्हा त्या अवघ्या तीन-चार वर्षांच्या होत्या. पुढे त्याच वडिलांचे चरित्र त्यांनी संस्कृत पद्यात रचिले. मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी रॅकेट हाती धरली आणि १९२७ साली मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळविले. त्यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसमध्ये छापली गेली. गांधीजींचा लढा अनुष्टुभात गाणारी आई आणि दोन वर्षांनी इंग्रजांच्याच साम्राज्याच्या राजधानीत, त्यांच्याच खेळात, त्यांच्याच खेळाडूला नमविणारी मुलगी एका छपराखाली नांदत होत्या. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी, मला तर एकाच स्वभावाची दोन रूपे दिसतात.

अर्थात या घराचे वैभव विसरून चालणार नाही. विम्बल्डनचे दिवस येतात ते आमच्या खडवली गावी आर्द्रेच्या पावसात, जेव्हा भातसा दुथडी भरते आणि खाचरांतून भाताची आवणी चाललेली असते. गवताची आम्हांस ददात नाही. परंतु टेनिसची हिरवळ कातरावी, लाटावी आणि माणसे नेमून राखावी लागते, आणि त्या काळी तिच्या दारावर वर्गणीइतकाच वर्णाचाही पहारा असे. बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. पारशी, हिंदू, मुसलमान यांनी आपापले जिमखाने उभारिले ते याच व्यवस्थेत. विलायतेचा जहाजप्रवास, तेथील वास्तव्य आणि सरावाचा खर्च पेलणारी कुटुंबे इलाख्यात बोटांवर मोजण्याजोगी होती. खडवलीच्या एखाद्या मुलीच्या हाताला तसाच वेग असता, तरी तो आवणीतच खर्ची पडता. लीलाबाईंच्या यशाचे मोल याने कमी होत नाही. मात्र त्यांच्यामागून मुलींची रांग का लागली नाही, याचा खुलासा बराचसा येथेच होतो.

१९३५ साली इव्हलिन डिअरमनने त्यांना पहिल्याच फेरीत परत धाडिले. हिंदुस्थानातील सर्वोच्च स्पर्धेची एकेरी मात्र त्यांनी १९३१ ते १९४३ या काळात सात वेळा जिंकली. पुढे त्या हरीश्वर दयाल या मुलकी अधिकाऱ्याशी विवाहबद्ध झाल्या, जे नंतर नेपाळात राजदूत होते. आणि मग त्यांनी नृत्यशास्त्रावर ‘नृत्तमंजरी’ लिहिली, आईच्या कथांची संस्कृत नाटकेही केली. क्रीडालेखक त्या नाटकांकडे फिरकत नाहीत आणि संस्कृतचे अभ्यासक त्या १८ गेमांकडे. विम्बल्डनच्या एकेरीत सानिया मिर्झाने अकिको मोरिगामीला हरवून दुसरी फेरी गाठली ती २००५ साली. तेव्हा साउथवेलवरील विजयास ७१ वर्षे झाली होती, आणि वर्तमानपत्रांना लीलाबाईंचा परिचय नव्याने करून द्यावा लागला.